दीड ग्लास दूध आणि एक फार्दिंग

आमच्या बिल्डिंगखालच्या दुकानात परवा एक पाचेक वर्षांचा हीरो आला. हातात दहाची नोट. ‘काका, कॅडबरी द्या.’ काकांनी वर न बघताच विचारलं, ‘कुठली? मंच, किटकॅट का डेअरी मिल्क?’ हीरोने किटकॅटकडे बोट दाखवलं, काकांनी ‘कॅडबरी’ दिली, मामला खतम! मागे रांगेत उभ्या असलेल्या मला यात काहीच खटकलं नाही. तुम्हालाही खटकलं नसतं. आपल्याकडे टूथपेस्ट म्हणजे कोलगेट, वनस्पती तूप म्हणजे डालडा, फोटोकॉपी म्हणजे झेरॉक्स आणि चॉकलेट म्हणजे कॅडबरी. मग ती कुठल्या का कंपनीची असेना!

आमच्या घरी मात्र कॅडबरी म्हणजे कॅडबरीच. तीही एकच, डेअरी मिल्क. आणि दिवसही ठरलेला, पहिली तारीख. पगाराच्या दिवशी बाबा डोंबिवली फास्टमधून लोंबकळत घरी यायचे, आणि रिकाम्या डब्याच्या शेजारी बॅगेत ती जांभळी पट्टी असायची. उन्हाळ्यात ती अर्धी वितळलेली असायची. मग आई ती आधी फ्रीजमध्ये टाकायची आणि मी नि दादा दर पाच मिनिटांनी फ्रीजचं दार उघडून बोलणी खायचो. नंतर वाटणी. वड्या मोजून. शेवटची वडी बाबांची. ते त्याला ‘टॅक्स’ म्हणायचे. पुढे काही वर्षांनी कंपनीने पहिल्या तारखेवरच जाहिरात केली, तेव्हा दादा जाम भडकला होता. ‘आयडिया बाबांची ढापली!’

एवढं सगळं आठवायचं कारण असं की, मध्यंतरी मला चॉकलेटवर लिहायचं एक काम आलं. फ्रीलान्सर लोकांना कळेल, महिन्याच्या २५ तारखेला ‘अर्जंट आहे, पैसे चांगले आहेत’ असा फोन येणं म्हणजे काय असतं. कुठल्याशा कंपनीच्या झुळझुळीत इन-हाऊस मासिकासाठी एका क्लासिक चॉकलेट बारची गोष्ट हवी होती. चॉकलेट डेच्या आधी. ‘गोड, हलकंफुलकं, थोडं नॉस्टॅल्जिक.’ मी म्हटलं, अरे, हे तर माझंच काम! बार कुठला हा प्रश्नच नव्हता. लॅपटॉप उघडला, शेजारी डेअरी मिल्क ठेवली (रिसर्च, यू नो!) आणि कामाला लागले.

गोष्ट सुरू होते १८२४ मध्ये, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला. जॉन कॅडबरी नावाच्या तरुणाने बुल स्ट्रीटवर दुकान टाकलं. चहा, कॉफी आणि प्यायचं चॉकलेट. हो, प्यायचं! चॉकलेट खातात ही कल्पनाच तेव्हा रुळलेली नव्हती. हे कॅडबरी क्वेकर पंथाचे. साधी राहणी, दारूला विरोध, युद्धाला विरोध. या पंथाच्या लोकांना ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दरवाजे बराच काळ बंद होते, सैन्यात ते स्वतःच जात नसत. मग उरतं काय? धंदा. गंमत म्हणजे इंग्लंडमधली चॉकलेटची तिन्ही मोठी घराणी, ब्रिस्टलचे फ्राय, यॉर्कचे राउनट्री आणि बर्मिंगहॅमचे कॅडबरी, क्वेकरच. दारूच्या गुत्त्याऐवजी लोकांनी गरमागरम कोको प्यावा, असा त्यांचा साधासरळ फंडा होता.

खायच्या चॉकलेटची पहिली वडी कॅडबरींनी पाडलीच नाही. तो मान जातो १८४७ मध्ये फ्राय मंडळींकडे. ते चॉकलेट कडू आणि खरबरीत. त्यात दूध घालायचं तर पंचाईत अशी की दुधात पाणी असतं, आणि पाणी नि चॉकलेट यांचं सासू-सुनेचं नातं. ही गाठ सोडवली स्वित्झर्लंडच्या डॅनिएल पीटरने, १८७५ मध्ये. पुढची वीस-पंचवीस वर्षं मिल्क चॉकलेट म्हटलं की स्विस. कॅडबरींनी १८९७ मध्ये दुधाची पावडर घालून एक प्रयत्न केला, तो पार फसला. कोरडं आणि भगराळ चॉकलेट कोण खाणार?

घरातल्या नव्या पिढीच्या डोक्यात मात्र ते बसलं. जॉर्ज कॅडबरी ज्युनिअर या पठ्ठ्याने पावडरचा नाद सोडला, ताजं दूध आटवून वापरायचं ठरवलं आणि स्विस चॉकलेटपेक्षा जास्त दूध असलेली वडी करून दाखवली. नाव काय ठेवायचं? हायलँड मिल्क, जर्सी, डेअरी मेड… बरीच काथ्याकूट झाली. ‘डेअरी मेड’ जवळजवळ पक्कं होतं. कंपनीची लाडकी दंतकथा अशी की, प्लिमथच्या एका गिऱ्हाइकाच्या मुलीने ‘डेअरी मिल्क का नाही म्हणत?’ असं सुचवलं. खरं-खोटं सोडा, पण जून १९०५ मध्ये डेअरी मिल्क बाजारात आली. फिकट जांभळं वेष्टन, त्यावर लाल अक्षरं. १९१४ पर्यंत ती कंपनीची सगळ्यात जास्त खपणारी वस्तू झाली होती. १९२८ मध्ये आली ती प्रसिद्ध ओळ: अर्ध्या पौंडाच्या प्रत्येक वडीत दीड ग्लास दूध. वेष्टनावरचे ते दोन ग्लास, एक भरलेला नि एक अर्धा, ते हेच.

आणि ऑफिसमध्ये डाएटवरच्या मैत्रिणी ‘डार्क आहे गं, चालतं’ म्हणत जी बॉर्नव्हिल खातात ना, ते एका गावाचं नाव आहे. १८७९ मध्ये कॅडबरी बंधूंनी आपला कारखाना शहराच्या धुरातून बाहेर, बॉर्नव्हिलला हलवला. १८९३ मध्ये थोरल्या जॉर्जने शेजारची १२० एकर जमीन घेतली आणि १८९५ पासून तिथे घरं बांधायला सुरुवात केली. प्रत्येक घराला बाग, खेळायला मैदानं, पोहायला तलाव. फक्त दारूचा गुत्ता नाही! आपल्या गिरणगावात दहा बाय दहाच्या खोल्यांमध्ये माणसं पाळीपाळीने झोपत होती, त्याच काळातली ही गोष्ट. ‘बॉस असावा तर असा’ असं मी चक्क नोट्समध्ये लिहून ठेवलं.

दुसऱ्या महायुद्धाचा किस्सा तर फीचरसाठी परफेक्ट होता. १९४१ मध्ये ब्रिटिश सरकारने चॉकलेटमध्ये ताजं दूध वापरायला बंदी केली. दीड ग्लास दुधाची जाहिरात करणाऱ्यांचीच वाट लागली! डेअरी मिल्क बंद झाली आणि तिच्या जागी दुधाच्या सायविरहित पावडरीचं ‘रेशन चॉकलेट’ आलं. गोड खाऊ रेशनवर गेला तो १९४२ मध्ये. मध्ये १९४९ साली सरकारने रेशन उठवून बघितलं, तर लोकांनी दुकानं अशी काही लुटली की चार महिन्यांत पुन्हा लावावं लागलं. शेवटी १९५३ मध्ये ते कायमचं उठलं.

तोवर डेअरी मिल्क आपल्याकडे पोचली होती. जुलै १९४८ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याला वर्ष व्हायच्या आधीच, कंपनीने भारतात दुकान मांडलं. आधी माल बाहेरून यायचा, मग इथेच बनायला लागला. पहिला कारखाना ठाण्याला, नंतर तळेगावजवळ इंदुरीला. ठाणेकरांना ‘कॅडबरी जंक्शन’ सांगितलं की रिक्षावाला मीटर टाकतो, पुढे पत्ता सांगावा लागत नाही. १९६५ पासून कंपनीने केरळात शेतकऱ्यांना कोकोची लागवड शिकवायला घेतली. आणि १९९४ ची ती जाहिरात! षटकार बसतो आणि फुलाफुलांच्या ड्रेसमधली मुलगी सिक्युरिटीला चकवून नाचत मैदानात घुसते. पीयूष पांडेंची ती करामत. चॉकलेट हा लहान पोरांचा खाऊ नाही, मोठ्या माणसांनीही बिनधास्त खावं, हे त्या एका मुलीने सगळ्या देशाला पटवलं. २०२१ मध्ये हीच जाहिरात उलटी करून आली. मैदानात मुली खेळतायत आणि नाचत घुसतो तो मुलगा. माझ्या जन्माच्या आधीची ती पहिली जाहिरात मी यूट्यूबवर इतक्या वेळा बघितलीय की मीच त्या स्टँडमध्ये बसले होते असं मला वाटतं.

अर्धं फीचर असं मस्त जमलं होतं. आणि मग मला बाबांचा नियम आठवला.

ऑक्टोबर २००३. दिवाळी तोंडावर. मी पहिलीत. मुंबईतल्या काही डेअरी मिल्कमध्ये अळ्या निघाल्याच्या तक्रारी झाल्या, महाराष्ट्राच्या अन्न आणि औषध प्रशासनाने माल ताब्यात घेतला आणि पेपरांना तोच विषय झाला. कंपनी म्हणाली, दुकानदारांनी माल नीट ठेवला नाही. प्रशासन म्हणालं, मग तुमचं वेष्टनच तकलादू आहे. विक्री धाडकन खाली आली. जानेवारी २००४ मध्ये नवं पॅकिंग आलं, आत उष्णतेने बंद केलेली अॅल्युमिनियमची फॉइल आणि वरून दुसरं वेष्टन. मग खुद्द अमिताभ बच्चन टीव्हीवर सांगायला आले की खा, बिनधास्त खा. पुढच्या काही वर्षांत ‘कुछ मीठा हो जाए’ म्हणत हीच वडी पेढ्या-बर्फीच्या खोक्याशेजारी जाऊन बसली.

ब्रँड सावरण्याची केस स्टडी म्हणून हे एमबीएवाल्यांना शिकवतात. आमच्या घरात मात्र त्यातून एक कायदा जन्माला आला. पहिली तारीख चुकली नाही, पण बाबा प्रत्येक वडी मोडून ट्यूबलाइटखाली धरायचे. आतली बाजू बघायचे, मग आमच्या हातात. ‘आधी मोडून बघायचं, मग खायचं.’ अमिताभने सांगितलं तरी!

तर रात्री साडेअकराला, पाचशे शब्द हातात असताना, मी ती वडी मोडून बघितली. म्हणजे एकच प्रश्न विचारला: दूध दीड ग्लास, ते कुठलं हे कळलं. कोको कुठला?

त्या १९०५ च्या गोड वर्षात कॅडबरींचा अर्ध्याच्या आसपास कोको साओ टोमे नावाच्या बेटावरून येत होता. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं हे बेट तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होतं. कागदोपत्री तिथली गुलामगिरी १८७० च्या दशकातच संपली होती. प्रत्यक्षात अंगोलातून माणसं पकडून आणायची, न वाचता येणाऱ्या कागदावर पाच वर्षांचा ‘करार’ करून घ्यायचा आणि बोटीत भरून बेटावर न्यायचं. करार संपला की आपोआप नवा करार. परत गेलेला माणूस जवळजवळ कुणी बघितलेला नाही.

विल्यम कॅडबरी, म्हणजे डेअरी मिल्क बनवणाऱ्या जॉर्ज ज्युनिअरचा चुलत भाऊ, कच्च्या मालाचं काम बघायचा. १९०१ मध्ये त्याच्या हातात एका मळ्याच्या विक्रीचा कागद आला. त्यात मालमत्तेच्या यादीत जमीन, इमारती, यंत्रं यांच्यासोबत मजूरही होते. किंमत लावून.

१९०१. म्हणजे त्याला कळलं होतं.

पुढे काय झालं असेल? तुम्ही-आम्ही ऑफिसात जे बघतो तेच! चौकशी. १९०३ मध्ये विल्यम लिस्बनला जाऊन भेटीगाठी घेऊन आला. पोर्तुगीज म्हणाले, सुधारणा करतोय. १९०५ मध्ये, बरोब्बर डेअरी मिल्कच्या वर्षी, जोसेफ बर्ट नावाच्या माणसाला प्रत्यक्ष पाहणीला पाठवलं. त्याच वर्षी हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने अंगोलात हिंडून लेख छापायला सुरुवात केली. वाटेत साखळ्या, लाकडी खोडे आणि माणसांची हाडं बघितल्याचं त्याने लिहिलं. बर्ट १९०७ मध्ये परतला. त्याचा रिपोर्ट वेगळं काही सांगत नव्हता. मग ब्रिटिश परराष्ट्र खातं म्हणालं, जरा थांबा, आम्ही पोर्तुगालशी बोलतोय. कॅडबरी थांबले. १९०८ च्या अखेरीस विल्यम स्वतः तिकडे गेला. मार्च १९०९ मध्ये कॅडबरी, फ्राय आणि राउनट्री यांनी साओ टोमेचा कोको घेणं बंद केलं.

आठ वर्षं! मधल्या काळात गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामध्ये, दुसरा पुरवठा शोधून झाला होता. टीकाकारांचं म्हणणं, सोय होईपर्यंत थांबले. विल्यमचं म्हणणं, खरेदी करत राहिलो म्हणून तर आमच्या शब्दाला वजन होतं. एकदम सोडलं असतं तर कोको दुसऱ्याने घेतला असता आणि मजुरांचं काहीच बदललं नसतं. खरं सांगू? हे वाचताना मी त्याला लगेच खलनायक ठरवू शकले नाही. ‘आत राहून बदल घडवतो’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलेलं असतं. अप्रेझलच्या आधी तर हमखास.

पण क्लायमॅक्स पुढेच आहे. थोरल्या जॉर्ज कॅडबरीच्या मालकीचा ‘डेली न्यूज’ नावाचा पेपर होता. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत चिनी मजुरांना गुलामासारखं वागवतात म्हणून या पेपरने विरोधकांना जाम झोडपलं होतं. सप्टेंबर १९०८ मध्ये विरोधी गोटातल्या ‘स्टँडर्ड’ने वचपा काढला. बॉर्नव्हिलच्या मजुरांसाठी बागा लावणारे हे सज्जन, त्यांचा कोको कोण पिकवतं बघा जरा! कॅडबरींनी बदनामीचा खटला भरला. १९०९ च्या अखेरीस बर्मिंगहॅममध्ये, म्हणजे त्यांच्या घरच्या मैदानावर, तो चालला. ‘स्टँडर्ड’चा वकील होता एडवर्ड कार्सन. ऑस्कर वाइल्डला कोर्टात उभा चिरला तोच. कॅडबरी केस जिंकले. ज्युरीने नुकसानभरपाई दिली एक फार्दिंग.

एक फार्दिंग म्हणजे पाव पेनी. तेव्हाच्या एका पौंडात ९६० फार्दिंग यायचे. कायद्याने तुमचं बरोबर आहे, पण तुमच्या अब्रूची एवढीच भरपाई. आपल्या भाषेत सांगायचं तर, ज्युरीने हातावर एक छदाम ठेवला.

मी तो सगळा भाग फीचरमध्ये घातला. नीट, कुणावर न ओरडता. पुढे आजचंही थोडं. २००१ मध्ये मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी एका करारावर सह्या केल्या की कोकोच्या शेतीतली सगळ्यात वाईट प्रकारची बालमजुरी २००५ पर्यंत संपवू. मग मुदत वाढली. पुन्हा वाढली. पुन्हा वाढली. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेचा अहवाल आला, त्यानुसार २०१८-१९ च्या हंगामात घाना आणि आयव्हरी कोस्ट मिळून साधारण १५ लाख ६० हजार मुलं कोकोच्या शेतीत बालमजुरी करत होती. हे एका कंपनीचं पाप नाही, अख्ख्या धंद्याचं आहे. ब्रिटनमध्ये डेअरी मिल्कवर २००९ मध्ये फेअरट्रेडचा शिक्का आला होता. २०१६ मध्ये कंपनीने त्याऐवजी आपली स्वतःची ‘कोको लाइफ’ योजना पुढे करायचं जाहीर केलं. आता परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकच की काय, असं विचारणारे विचारतातच.

दुसऱ्या दिवशी फोन आला. ‘यार, सॉलिड लिहिलंयस! फक्त ते गुलामांचं काढ ना. आणि बालमजुरीचं पण. चॉकलेट डेला कोण वाचणार ते? बाकी एकदम परफेक्ट. अळ्यांचं ठेवायचं तर ठेव, फनी आहे.’

मी ‘बघते’ म्हटलं. फ्रीलान्सरच्या डिक्शनरीत ‘बघते’ म्हणजे ‘हो’. कारण घरभाडं पाच तारखेला जातं. कारण असे परिच्छेद मी आधी काढलेले आहेत. हॉटेलवरच्या लेखातून वेटरच्या पगाराची ओळ काढलीय, टाऊनशिपवरच्या लेखातून आधी तिथे राहणाऱ्या लोकांची. प्रत्येक वेळी मनात म्हटलंय, आत राहू, ओळख वाढवू, मग एक दिवस आपल्याला हवं तसं लिहू. विल्यम कॅडबरीला निदान आठ वर्षं लागली. माझं हे सहावं चालू होतं.

त्या वीकेण्डला घरी गेले. पहिली तारीख नव्हती, पण मी डेअरी मिल्क नेली होती. बाबा आता रिटायर्ड आहेत. शुगर आहे, त्यामुळे आईचा पहारा. पण ‘टॅक्स’ची एक वडी महिन्यातून एकदा मंजूर आहे. मी त्यांना सगळी स्टोरी सांगितली. साओ टोमे, विक्रीचा कागद, फार्दिंग. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘पैसे किती आहेत?’

मी आकडा सांगितला.

‘बरे आहेत की.’ मग थोडं थांबून, ‘आणि त्या परिच्छेदात काही चूक आहे का?’

‘नाही.’

‘मग काढायचा कशाला? चूक असेल तर काढतात.’

बाबांनी चाळीस वर्षं फायलींवर काम केलं. त्यांच्या जगात खाडाखोड केली की बाजूला सही लागते. हे काही ते मला उपदेश म्हणून सांगत नव्हते, ऑफिसची साधी पद्धत सांगत होते. आई आतून म्हणाली, ‘भाडं कोण भरणार पण?’ तिचाही मुद्दा बरोबरच होता. आमच्या घरात दोन्ही पक्ष नेहमी बरोबरच असतात.

सोमवारी मी मेल टाकला: परिच्छेद राहील, नाहीतर फीचर मागे घेते. एकदम विनम्र भाषेत. मला वाटलं होतं थोडी घासाघीस होईल. कसलं काय! एका ओळीत उत्तर आलं, ‘नो प्रॉब्लेम, नेक्स्ट टाइम.’ त्या अंकात म्हणे चॉकलेट फेशियलवर लेख छापून आला. भाड्यासाठी रूममेटकडून उसने घेतले, तिला अजून अर्धे द्यायचेत. एडिटरबाई हा कॉलम वाचून मानधन लवकर देतील अशी आशा आहे!

मला हीरोगिरीचा सूर लावायचा नाही. पुढच्या वेळी मी ‘बघते’ म्हणून खरंच काढून टाकणार नाही, याची गॅरंटी मी देत नाही. मराठीत म्हण आहे, कळतं पण वळत नाही. कॅडबरींचं प्रकरण वाचून मला वाटलं की कळणं आणि वळणं यांच्यामध्ये जी वर्षं जातात ना, त्यांचा हिशोब कुणीतरी ठेवत असतं. कधी ज्युरी, कधी रिटायर्ड क्लार्क.

गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. २०१० मध्ये अमेरिकेच्या क्राफ्टने कॅडबरी विकत घेतली. सौदा होण्याआधी क्राफ्ट म्हणत होती की ब्रिस्टलजवळचा सोमरडेलचा कारखाना चालू ठेवू, आणि ताबा मिळताच आठवडाभरात सांगितलं, बंद करतोय. ब्रिटनमध्ये त्यावरून एवढा गहजब झाला की कंपनी विकत घेण्याचे नियम बदलले. २०१२ मध्ये क्राफ्टची विभागणी होऊन मोंडेलेझ झाली, २०१४ मध्ये आपल्याकडच्या कंपनीच्या पाटीवरही तेच नाव आलं. २०१२ मध्येच ब्रिटनमधल्या वडीचे कोपरे गोल झाले आणि ४९ ग्रॅमची वडी ४५ ची झाली. २०१३ मध्ये जांभळ्या रंगावरची कोर्टातली लढाई नेसलेने जिंकली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला, आणि त्याच महिन्यात १८५४ पासून चालत आलेला ब्रिटिश राजघराण्याचा शिक्काही गेला. एवढ्याशा वडीच्या मागे काय काय असतं बघा.

आणि हो, डेअरी मिल्क मी सोडलेली नाही. विचारणार होतात ना? एक महिनाभर महागडं, कोको कुठल्या मळ्यातला आहे ते छापलेलं डार्क चॉकलेट खाऊन बघितलं. चांगलं होतं. पण बजेट संपलं आणि बाबांना ते ‘काढ्यासारखं’ लागलं. सध्या मी एवढंच करते की पाकिटाची मागची बाजू वाचते, आणि कंपन्यांच्या कस्टमर केअरला अधूनमधून मेल टाकते: तुमचा कोको कुठून येतो? उत्तरं गुळमुळीत येतात. तरी टाकते. तुम्हीही टाका, दोन मिनिटांचं काम आहे. लंच ब्रेकमध्ये होतं.

त्या रविवारी निघताना बाबांनी त्यांची वडी घेतली. इतक्या वर्षांत पॅकिंग किती वेळा बदललं, ट्यूबलाइट जाऊन एलईडी आला, तरी त्यांनी ती मधोमध मोडली आणि दिव्याखाली धरली. दोन्ही अर्ध्या बाजू नीट बघितल्या. एक तोंडात टाकली, दुसरी माझ्या हातावर ठेवली.

‘रिफंड,’ म्हणाले.